सरोवर एक, धनी तीन. मर्यादा मात्र कुणाला?

चाळीतला सामाईक नळ सगळ्यांचा असतो. पण दुरुस्तीची वेळ आली की तो कुणाचाच नसतो. नळाच्या जागी एखादे सरोवर असले आणि त्याचे वाटेकरी तीन देश असले तर काय होत असेल? आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराची हकिगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत. देश दूरचा असला तरी तिथल्या कष्टकऱ्याचे दुखणे आपल्याला परके वाटणार नाही.

हे सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर पसरले आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठे. त्यातले साधारण निम्मे पाणी टांझानियाचे, त्याहून थोडे कमी युगांडाचे आणि अवघे सहा टक्के केनियाचे. नकाशावर सरहद्दीच्या रेषा आखता येतात. माशाला त्या दिसत नाहीत. सुमारे दोन लाख मच्छीमार या पाण्यावर पोट भरतात. जाळी विणणारे, मासे सुकवणारे, डोक्यावर पाटी घेऊन विकणाऱ्या बाया, हे सगळे वेगळेच.

परका मासा, परकी बाजारपेठ

१९५० च्या दशकात, इंग्रजी अमदानीत, या पाण्यात नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा आणून सोडण्यात आला. तो माणसाहून लांब वाढू शकतो. त्याने आणि प्रदूषणाने मिळून सरोवरातल्या मूळच्या लहान माशांच्या कितीतरी जाती संपवल्या. १९८० नंतर त्याचे पीक असे आले की काठावर कारखाने उभे राहिले. माशाचे मांस कापून, गोठवून ते युरोपला जाऊ लागले. काठावरच्या गरिबाच्या वाट्याला उरला तो डोके आणि पाठीच्या काट्याचा सांगाडा. केनियात त्याला ‘म्गोंगो वाझी’, म्हणजे ‘उघडी पाठ’, म्हणतात. तो तळून लोक खातात. आपल्याकडे गरिबाच्या घरी जवळा-सुकट, तसा तिकडे ‘ओमेना’ नावाचा बोटाएवढा चंदेरी मासा. रात्री दिवे लावून तो पकडतात.

डॉलर आले तशा होड्या वाढल्या, जाळी वाढली आणि मोठे मासे मिळेनासे झाले. मग मर्यादेचा प्रश्न उभा राहिला.

मर्यादा सेंटीमीटरची

३० जून १९९४ रोजी तिन्ही देशांनी केनियातील किसुमु शहरी करार करून एक सामाईक मत्स्यसंघटना स्थापली. तिचे मुख्य कार्यालय युगांडात जिंजा येथे आहे. एकट्या देशाने बंदी घालून काय उपयोग? आपण सोडलेला मासा शेजारी पकडणार, ही प्रत्येकाची धास्ती. म्हणून नियम तिघांचे सारखे हवेत, हा कराराचा गाभा.

नाईल पर्चसाठी मर्यादा ठरली ती लांबीची. ५० सेंटीमीटरपेक्षा लहान आणि ८५ सेंटीमीटरपेक्षा मोठा मासा धरायचा नाही. लहान मासा अजून वयात आलेला नसतो. फार मोठा मासा बहुधा मादी असते आणि ती अंडी भरपूर घालते. आम्ही हिशेबाच्या वहीत आयुष्य घालवलेली माणसे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. पिल्ले आणि मोठ्या माद्या हे मुद्दल, मधला मासा व्याज. व्याजावर घर चालवा, मुद्दलाला हात लावू नका. नियम शास्त्राला धरून आहे, यात शंका नाही.

अडचण अशी की जाळे काही पट्टी घेऊन मासा मोजत नाही. अडकलेले पिल्लू पाण्यात परत टाकेपर्यंत बहुतेक वेळा मेलेले असते. म्हणून जाळ्याच्या फासाचे मापही ठरवावे लागले. मोठ्या फासाच्या जाळ्याला पैसे लागतात आणि मासे कमी लागतात. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याला दहा वर्षांनंतरच्या माशांचे गणित कसे पटावे? शिवाय लहान मासा विकत घेणारा व्यापारी असतोच. मासेमारी करणारा पकडला जातो, घेणारा सुटतो.

समित्या गेल्या, सैनिक आले

यावर उपाय म्हणून काठाकाठावर मच्छीमारांच्या समित्या नेमल्या गेल्या. त्यांत होडीमालकांबरोबर होडीवर राबणाऱ्या मजुरांना आणि बायकांनाही जागा होती. समित्यांत दोष होते, लाचखोरीच्या तक्रारीही होत्या. परंतु नियम पाळणाऱ्याला बोलायला निदान एक जागा होती. २०१५ मध्ये युगांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या मोडीत काढल्या आणि २०१७ मध्ये सरोवरात सैन्य उतरवले. बेकायदा जाळी जाळली गेली. अठ्ठावीस फुटांहून लहान होड्या फोडल्या गेल्या. मारहाणीच्या तक्रारी झाल्या. टांझानियानेही २०१८ मध्ये जाळी जाळण्याची मोठी मोहीम चालवली.

मासे वाढले, युगांडाची निर्यात वाढली, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवत नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली? मोठी होडी ज्याला परवडली तो टिकला. लहान होडीवाला दुसऱ्याच्या होडीवर मजूर झाला किंवा काठ सोडून गेला. मर्यादा माशाला घालायची होती, ती गरिबाला घातली गेली.

भगिनींच्या वाट्याचे

मासे कमी झाले की सर्वांत आधी बाईची कोंडी होते. केनियाच्या काठावर मासे विकत घेणाऱ्या बायकांना ‘जाबोया’ नावाच्या घृणास्पद चालीला तोंड द्यावे लागले आहे. मासा हवा असेल तर पैशांबरोबर इभ्रतही द्यायची. त्यातून एड्स घरोघर पोहोचला. काही बायकांनी एकत्र येऊन स्वतःच्या होड्या मिळवल्या. होडी आपली तर मासाही आपला, मग कुणाची मिनतवारी नको. २०२० मध्ये सरोवराला पूर आला तेव्हा काठावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि अशा धडपडीलाही मोठा धक्का बसला. तरीही त्यांनी दाखवलेली वाट खरी आहे: साधन हाती असल्याशिवाय मान मिळत नाही.

मर्यादा नकोच, असे आमचे म्हणणे नाही. मर्यादा नसेल तर सरोवर रिकामे होईल आणि पहिली उपासमार गरिबाचीच होईल. पण ती तिन्ही देशांत सारखी हवी. मासे धरणाऱ्याला जेवढी लागू, तेवढीच विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला आणि कारखान्याला लागू हवी. नवे जाळे घ्यायला कर्ज मिळाले पाहिजे, जुने जाळण्याआधी. आणि ज्याच्या ताटातला घास कमी करायचा, त्याला नियम ठरवणाऱ्या बैठकीत खुर्ची हवी. ती मिळाली तर मच्छीमार स्वतःच सरोवराचा राखणदार होतो. त्याच्यावर बंदूक रोखावी लागत नाही.