परसातलं पक्षीघर – ७ : सांडलेला दाणा

गेल्या आठवड्यात बजरी पोपटांसाठी मडकी कशी टांगायची, ते पाहिलं. माझ्याकडची अशीच एक मादी ५ अंड्यांवर बसली होती. तेराव्या दिवशी सकाळी मडक्यात बोट घातलं, तर पाचही अंडी गार. मादी जाळीला चिकटून बसलेली, शेपटीची दोन पिसं खाली पडलेली. मांजर नाही, साप नाही. मडक्याच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढ्या ४-५ काळ्या लेंड्या मात्र होत्या.

उंदीर अंधारात दांडीवरून पळाला की पाखरं दचकून उठतात. त्यांना अंधारात दिसत नाही, मग ती जाळीवर आपटतात. कॉकटील पोपट तर या बाबतीत फारच भित्रे. अंड्यांवरची मादी एकदा बाहेर उडाली की उजाडेपर्यंत तिला मडक्याचं तोंड सापडत नाही, आणि तेवढ्या वेळात आतला जीव गारठून जातो. फिंचसारख्या छोट्या पाखरांची अंडी आणि उघडी पिल्लं उंदीर खातोही. एवढं असूनही उंदीर आपल्याकडे येतो तो पाखरांसाठी नव्हे. राळे आणि बाजरीसाठी येतो. हे मनात पक्कं ठरलं की पुढच्या कामांचा क्रम आपोआप लागतो.

आधी आलंय कोण, ते ओळखावं. लांब टोकदार नाकाची, उग्र वासाची, चिकचिकत भिंतीकडेनं जाणारी ती चिचुंद्री. ती उंदराच्या कुळातली नाहीच. तिचा मुख्य आहार झुरळं आणि किडे, दाण्यासाठी ती येत नाही. घूस जमीन उकरते आणि मातीचे ढीग मागे ठेवते. आपला आजचा विषय आहे तो १५-२० ग्रॅम वजनाचा घरउंदीर. त्याची वाट शोधायला मी रांगोळी वापरतो. रात्री भिंतीच्या कडेनं आणि दाराच्या उंबऱ्याशी रांगोळीचा पातळ थर पसरायचा. सकाळी पावलं कुठून आली आणि कुठे गेली, ते स्वच्छ दिसतं. पीठ पसरू नये, ते त्याचं जेवणच होतं.

एक उंदीर रात्रीत जेमतेम ३-४ ग्रॅम दाणा खातो. तेवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण तेवढ्याच वेळात तो ५०च्या वर लेंड्या टाकतो आणि चालता चालता जागोजागी मूत शिंपडतो. साल्मोनेलासारखे जंतू दाण्याच्या भांड्यात पोचतात ते असे. वाढीचं म्हणाल तर २०-२१ दिवसांत मादी विते, एका वेताला ५-६ पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणून दाणा उघडा ठेवून नुसते उंदीर पकडत राहिलात, तर ते काम कधीच संपणार नाही. सुगीनंतर शेतं मोकळी झाली की बाहेरचे उंदीरही घराकडे वळतात. माझी अंडी गेली ती दिवाळीच्या सुमारासच.

दाण्याची शिस्त आधी लावायची, ती अशी. पाखरं अंधारात खात नाहीत, म्हणून शेवटची चोच मारून ती दांडीवर बसली की भांडी उचलायची आणि उजाडायच्या आत परत ठेवायची. ज्या जोडीच्या मडक्यात पिल्लं आहेत, ती उशिरापर्यंत भरवते, तिचं भांडं सगळ्यांत शेवटी काढावं. बजरी पोपट जेवढं खातात त्याहून जास्त उडवतात. भांड्याखाली रुंद परात ठेवली तर निम्मा सांडलेला दाणा तिथेच अडतो. जमीन मातीची असेल तर दाणा मातीत रुजतो आणि खाली बिळं होतात. जमेल तेव्हा कोबा करून घ्या, रोज झाडता येतो. गोणीतला साठा आजच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता. प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतो.

मग जाळी. बाजारात पक्ष्यांसाठी सर्रास मिळते ती अर्धा इंची, आणि घरउंदीर तिच्यातून सहज आरपार जातो. पाव इंची हवी. सगळी जाळी बदलणं परवडत नसेल, तर बाहेरून खालच्या दीड फुटावर गुळगुळीत पत्रा ठोका. त्यावर नख ठरत नाही. मात्र छपराला टेकणारी फांदी आणि कोपऱ्यातली वेल छाटली नाही, तर पत्र्याचा काही उपयोग नाही. जमिनीत फूटभर चर खणून जाळी पुरावी आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवावं. उकरत आलेला उंदीर तिथे अडतो. भिंतीतल्या फटींत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपा. नव्या जाळीवरच्या जस्तानं पोपटवर्गातल्या पाखरांना विषबाधा होते, कारण ती तार चोचीनं सोलतात. बसवण्याआधी व्हिनेगर लावून ब्रशनं घासा, धुवा आणि वाळवा.

सापळा या सगळ्यानंतर. पोट भरलेला उंदीर आमिषाकडे बघत नाही. भाजलेलं खोबरं किंवा शेंगदाण्याचं कूट लावून सापळे पक्षीघराच्या बाहेर, भिंतीला चिकटून, दर ६-८ फुटांवर ठेवा. घरउंदीर बिळापासून फार लांब जात नाही. जिवंत पकडणारा पिंजरा असेल तर पहाटे उठल्याबरोबर बघायचाच. अडकलेल्या जिवाला तहानेनं आणि भीतीनं मारणं मला कधीही मान्य होणार नाही.

विषाला तर मी साफ नाही म्हणतो. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात विषारी वायू सोडतं. त्याचा एखादा दाणा उंदरानं ओढत भांड्यापाशी टाकला की पाखरू गेलंच. ब्रोमाडिओलोननं उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर तो सुस्त फिरतो आणि गव्हाणी घुबडाच्या तोंडी जातो. जे घुबड आपल्यासाठी रात्रभर उंदीर मारतं, त्याच्याच पोटात आपण विष घालतो. गोंदाच्या पट्ट्या तितक्याच वाईट. त्यांवर पाली, चिमण्या, सगळंच चिकटतं आणि तडफडत राहतं.

उंदरांमागे साप येतो, तेही सांगायला हवं. धामणीचं पिल्लू अर्ध्या इंचाच्या जाळीतून आत शिरतं, पाखरू गिळतं आणि फुगलेल्या पोटामुळे बाहेर पडू शकत नाही. सकाळी ते आतच सापडतं. काठी उचलू नका, सर्पमित्राला बोलवा. धामण कायद्यानं संरक्षित आहे.

जुन्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. पाखरं दुसरीकडे हलवून, रबरी हातमोजे घालून, १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी शिंपडा, १० मिनिटं थांबा आणि मग पुसून घ्या. पावसाळ्यात लेप्टो या रोगाची भीती असते, तेव्हा पायाला जखम असताना हे काम दुसऱ्याकडे द्या. ब्लीचचा वास पूर्ण गेल्याशिवाय पाखरं परत आणू नयेत.

माझ्याकडे पत्रा ठोकून झाल्यावरही आठवडाभर रांगोळीवर पावलं उमटत होती. दाराखाली बोटभर फट राहून गेली होती. तिथे ॲल्युमिनिअमची पट्टी बसवली, आणि ओळीनं १० सकाळी रांगोळी जशीच्या तशी मिळाली, तेव्हाच मडकी पुन्हा टांगली.