चावीचे यंत्र घ्यायला जाताना कुलूप बरोबर न्या

गेल्या पावसाळ्यात कल्याणहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगं कर्ज काढून चावीचं मशीन घ्यायचं म्हणतंय. तू एकदा बरोबर जा."

दाजी पंचवीस वर्षे रस्त्याच्या कडेला पेटी मांडून कुलूप-चावीचे काम करतात. कानस, हातवाइस आणि नजर एवढेच त्यांचे भांडवल. आता मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून बारीक खाच पूर्वीसारखी दिसत नाही. भाचा बारावी होऊन दोन वर्षे कुरिअरच्या पिशव्या वाहत होता. बापाचा धंदा यंत्रावर चालवायचा हा त्याचा विचार मला पटला. पण पैसा कर्जाचा होता आणि बहिणीने गळ्यातली पोत मोडायची तयारी दाखवली होती. म्हणून एका शनिवारी आम्ही तिघे मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. हत्यारे आणि यंत्रे यांच्या दुकानांसाठी ही गल्ली प्रसिद्धच आहे.

दुकानदाराने यंत्र सुरू करून मिनिटभरात एक चावी कापली, ब्रशवर फिरवली आणि भाच्याच्या हातात ठेवली. पितळ नुसते लखलखत होते. भाचा म्हणाला, "मामा, घेऊन टाकू." दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून घरच्या दाराचे जुने कुलूप काढले आणि कंपनीची मूळ चावी दुकानदारापुढे ठेवली. "याची काढा. मग त्या चावीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. कोऱ्या चाव्यांचे पैसे आम्ही देतो."

ही परीक्षा कशासाठी, हे समजण्यासाठी यंत्र कसे चालते ते थोडे पाहू. यंत्राच्या सरकत्या गाड्यावर चावी पकडायचे दोन जबडे असतात. एकात मूळ चावी बसते, दुसऱ्यात कोरी. मूळ चावीसमोर न फिरणारे लोखंडी बोट असते, त्याला गाइड म्हणतात. कोऱ्या चावीसमोर फिरणारा कटर असतो. गाइड मूळ चावीच्या खाचांतून जसा वरखाली होतो, तसाच कटर कोऱ्या चावीत उतरतो. यंत्राला कुलूप कळत नाही, चावी चांगली की झिजलेली तेही कळत नाही. समोर असेल त्याची ते नक्कल करते, आणि त्यात स्वतःची चूक मिळवते.

आपल्या दारांना असते ते पिनांचे कुलूप अमेरिकेतील धाकटे लायनस येल यांच्या रचनेवरून आले. त्यांची पेटंटे १८६१ आणि १८६५ सालची. त्यात प्रत्येक खाच एकेका पिनेला ठरलेल्या उंचीवर आणते. पिन जास्त वर गेली तरी कुलूप अडते, खाली राहिली तरी अडते. खाचेच्या एका पायरीपासून दुसऱ्या पायरीचे अंतर कित्येक कुलपांत अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. समजा, यंत्र प्रत्येक नकलेत ०.१ मिलिमीटर जास्त खोल कापते. पहिली चावी कुलूप बहुधा सहन करील. चौथ्या नकलेला ती चूक ०.४ झाली, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पायरी गेली. आम्हा कारकुनांच्या खातेवहीत एका पानावरची चुकीची बाकी पुढच्या पानावर ओढली जाते, तसेच हे. गिऱ्हाईक तर आपल्याकडे बहुतेक वेळा नकलेचीच नक्कल करायला आणते. मूळ चावी कधीच हरवलेली असते.

तर पहिल्या यंत्रावरच्या दोन चाव्या लागल्या. तिसरी हलवून हलवून लागली. चौथी आत गेली, पण फिरेना. दुकानदार म्हणाला, कुलूप जुने आहे.

दाजींनी वाद घातला नाही. यंत्र बंद करायला लावून त्यांनी दोन सारख्या कोऱ्या चाव्या दोन जबड्यांत बसवल्या आणि कटर हाताने सावकाश फिरवला. गाइड एका चावीला टेकतो त्याच वेळी कटरने दुसऱ्या चावीला जेमतेम स्पर्श केला पाहिजे. इथे कटर आधीच घासत होता. म्हणजे यंत्र प्रत्येक चावी गरजेपेक्षा खोल कापत होते. गाइडचा स्क्रू फिरवून ते जुळवता येते, आणि दाजींनी जुळवलेही. जबड्यात अडकलेला पितळेचा कीस त्यांनी ब्रशने काढला. तेवढ्या किसानेसुद्धा चावी तिरकी बसते. पुन्हा पहिल्यापासून चार चाव्या कापल्या. या खेपेला चौथी फिरली, पण कुरकुरत. कारण मग भाच्यानेच शोधले. गाडा हाताने दाबला की किंचित डुलत होता. स्क्रू जुळवता येतो. गाडाच ढिला असेल तर त्याला उपाय नाही.

पलीकडच्या दुकानातले दुसरे यंत्र बीड लोखंडाच्या अंगाचे होते, दोघांनी उचलावे असे जड. गाडा सरळ सरकला, जबड्यांनी पातळ चावीही घट्ट धरली. पाचवी नक्कल पहिलीसारखी फिरली. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. भाच्याचे तोंड उतरले. मी म्हटले, "अरे, चावी लागली नाही म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक तुझ्याकडे कोरी चावी फुकट मागणार आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जाणार. तो खर्च कुठल्या पावतीवर दिसत नाही." कटर आम्ही हायस्पीड स्टीलचा घेतला आणि एक जादा. कार्बाइडचा कटर कठीण चावीवर जास्त टिकतो, पण ठेच लागली की त्याचा तुकडा उडतो. शिकणाऱ्या हाताला पहिलाच बरा. कटर गावात मिळतो का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

या यंत्रावर सगळ्याच चाव्या होतील असे नाही. अंगावर खळगे असलेल्या चावीला उभ्या कटरचे वेगळे यंत्र लागते. चिप असलेल्या मोटारीची चावी नुसती कापून भागत नाही, तिची चिप गाडीशी जुळवावी लागते. दुकानदार दोन्ही गळ्यात मारायला बघत होता. भाच्याच्या नाक्यावर येतात ते दाराचे आणि पत्र्याच्या कपाटाचे गिऱ्हाईक. तेवढ्यावर थांबलो.

कर्जाचे म्हणाल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ कारागिरीच्या धंद्यांत कुलूपवाला आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत व त्याची फेड झाल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि अविवाहित मुलगा त्याच कुटुंबात मोजतात. म्हणून अर्ज दाजींच्या नावाने केला, कारण पंचवीस वर्षांचा धंदा त्यांचा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले महामंडळही आहे. जिल्हा कार्यालयात योजनांची चौकशी करावी. यंत्राला लागतील तेवढेच पैसे उचलायचे, असे मी बहिणीपुढे भाच्याकडून वदवून घेतले. पोत गळ्यातच राहिली.

घरोघरच्या माता-भगिनींना एक सांगणे आहे. नवे कुलूप आणले की त्याची एक मूळ चावी न वापरता ट्रंकेत ठेवावी आणि पुढच्या सगळ्या चाव्या तिच्यावरूनच काढाव्यात. कुलूप सुटे असेल तर ते बरोबर न्यावे आणि चावी फिरवून पाहूनच पैसे द्यावेत.

आता भाचा यंत्रावर बसतो, डोळ्यांना चष्मा लावून, कारण कीस उडतो. रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी दाजी त्याला दोन कोऱ्या चाव्या लावून कटर हाताने फिरवायला लावतात. दिसत नसले तरी कटर कुठे टेकला ते त्यांना आवाजावरून कळते.