भागीदारांचे संभाषण आणि ‘आपण’ हे सर्वनाम

भागीदारीचा धंदा जितका भांडवलावर चालतो, तितकाच बोलण्यावरही चालतो. कोणी काय करावयाचे, रक्कम कोणी भरावयाची, माल कोणी मागवावयाचा, हे दररोज शब्दांनीच ठरते. या बोलण्यात घोटाळा झाला तर त्याचे कारण आपण सामान्यतः स्वभावात किंवा हेतूत शोधतो. काही वेळा ते कारण भाषेच्या रचनेतच असते, हे मराठीतील एका उदाहरणाने दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या बोलण्याचे कायदेशीर वजन ध्यानात घेतले पाहिजे. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार सर्वांनी, किंवा सर्वांच्या वतीने त्यांपैकी कोणी, चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ज्यांनी मान्य केले आहे, अशा व्यक्तींमधील संबंध म्हणजे भागीदारी होय (कलम ४). भागीदारांचे परस्परांविषयीचे हक्क आणि कर्तव्ये ठरविणारा करार स्पष्ट शब्दांत असू शकतो, तसाच तो त्यांच्या वागणुकीवरूनही सिद्ध होऊ शकतो (कलम ११). प्रत्येकाने इतरांस खरा हिशेब आणि पेढीसंबंधीची पूर्ण माहिती दिली पाहिजे (कलम ९). धंद्यात नित्य लक्ष घालणाऱ्या एका भागीदारास पेढीच्या कामाबाबत मिळालेली सूचना, कपटाचा प्रसंग वगळता, साऱ्या पेढीस मिळाली असे मानले जाते (कलम २४). आणि पेढीच्या कृत्यांबद्दल प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे, तसाच एकेकटाही, जबाबदार असतो (कलम २५). २००८ च्या अधिनियमाने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा निराळा प्रकार आणला. परंतु १९३२ च्या अधिनियमाखालील पेढीत ही जबाबदारी भागीदाराच्या खाजगी मालमत्तेपर्यंत पोहोचते. अशा स्थितीत एका वाक्याचा कर्ता कोण, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा उरत नाही.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ हे ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ हे त्यास सामावून घेते. असा भेद गुजराती, तेलुगू आणि तमिळ या भाषांतही आहे. इंग्रजीत आणि प्रमाण हिंदीत तो सर्वनामाने दाखविता येत नाही. एक भागीदार दुसऱ्यास ‘आम्ही ठरविले’ असे म्हणतो तेव्हा तो त्यास निर्णयाबाहेर ठेवतो, हे मराठी कानास तत्काळ कळते. भागीदारीला इतका उपयुक्त भेद हाताशी असताना अडचण कोठून यावी?

अडचण अशी की ‘आपण’ हेच सर्वनाम आदरार्थी द्वितीयपुरुषासही वापरले जाते. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते तेथे घोटाळा होत नाही. ‘आपण हप्ता भरू’ म्हणजे आपण दोघे. ‘आपण हप्ता भराल’ म्हणजे समोरचा. परंतु सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी आणि विध्यर्थी रूपांत प्रयोग कर्मणी होतो. क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्त्याचा पुरुष त्यातून नाहीसा होतो. ‘आपण हप्ता भरावा’ या वाक्यात ‘भरावा’ हे रूप ‘हप्ता’ या पुल्लिंगी शब्दाशी जुळते. भरणारा कोण हे ते सांगत नाही. ‘आपण हप्ता भरला’ याचीही तीच गत. ‘भरलात’ असे म्हटल्यास निर्देश समोरच्याकडे होतो खरा, परंतु तो ‘त’ वैकल्पिक आहे. नेमक्या कर्तव्य सांगणाऱ्या आणि झालेल्या व्यवहाराची नोंद करणाऱ्या वाक्यांतच ही संदिग्धता यावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

समजा, इचलकरंजीत दोघे भागीदार यंत्रमाग चालवितात. धाकटा थोरल्यास म्हणतो, “सुताच्या व्यापाऱ्याची बाकी आपण या आठवड्यात द्यावी.” धाकट्याच्या मनात ‘आपण’ म्हणजे थोरला, थोरल्याच्या समजुतीने ती पेढीची सर्वसाधारण इच्छा. बाकी कोणीच देत नाही आणि दोघेही स्वतःस निर्दोष समजतात. हेच वाक्य थोरल्याने उच्चारले असते तर घोटाळ्याचा संभव कमी होता. कारण धाकट्यास तो ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणेल, त्यामुळे त्याचे ‘आपण’ बहुधा समावेशकच ठरेल. म्हणजे सर्वनामाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधावरही अवलंबून असतो.

विभक्तिरूपांतही हीच अडचण येते. ‘आपल्याकडे दहा हजार रुपये बाकी आहेत’ हे वाक्य पेढीचे देणे सांगते की समोरच्या भागीदाराने घेतलेली उचल, हे खतावणी पाहिल्याखेरीज समजत नाही.

अशा वेळी ‘सर्व काही लेखी ठेवावे’ असा सल्ला दिला जातो. तो योग्य आहे; पण अपुरा आहे. बोलताना ज्यास सहज ‘तुम्ही’ म्हणतो, त्यालाच आपण पत्रात किंवा औपचारिक संदेशात ‘आपण’ म्हणतो. शिवाय बोलण्यातील स्वर, दृष्टी आणि हाताची खूण लेखनात उरत नाहीत. तेव्हा वाक्य कागदावर उतरले म्हणून त्याचा कर्ता आपोआप स्पष्ट होत नाही; उलट काही प्रसंगी तो अधिकच झाकला जातो.

उपायही भाषेतच आहे. समावेशक अर्थ अभिप्रेत असल्यास ‘आपण दोघांनी’ असे संख्यावाचक जोडावे. समोरच्यावर काम सोपवावयाचे असल्यास ‘तुम्ही’ म्हणावे किंवा नावाचा उल्लेख करावा. ‘ठरले’, ‘कळविले जाईल’ अशा कर्तृहीन वाक्यांस कर्ता, रक्कम आणि मुदत यांची जोड द्यावी. ऐकणाऱ्यानेही तेच वाक्य प्रथमपुरुषी एकवचनात परत म्हणावे : “म्हणजे बाकी मी शुक्रवारपर्यंत द्यावयाची.” या पुनरुक्तीत ‘मी’ येताच संदिग्धता संपते, आणि समजूत चुकीची असेल तर ती दुरुस्त करण्यास अद्याप वेळ असतो.

आदर राखण्यासाठी संदिग्ध राहावे लागते, अशी एक समजूत आढळते. वरील रूपांवरून ती निराधार ठरते. ‘तुम्ही’ हेही आदरार्थीच सर्वनाम आहे, आणि कलम १२ अन्वये सर्वसाधारण बाबींवर निर्णय होण्यापूर्वी आपले मत मांडण्याचा हक्क धाकट्या भागीदारासही थोरल्याइतकाच आहे. तो हक्क बजावताना कोणाकडून काय अपेक्षित आहे, हे त्याने स्पष्ट सांगितले, तर त्यात थोरल्याचा अनादर होत नाही. पेढीचे देणे मात्र वेळेवर फिटते.