उसने यंत्र, उसनी जोखीम

विरजणाच्या वाटीपासून शिडी-पहारीपर्यंत अनेक वस्तू शेजारच्या घरातून मागून आणण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आली आहे. या देवघेवीला कधी लेखी करार लागला नाही, साक्षीदारही लागले नाहीत. ज्याच्याकडून आज कोयती आणली, त्याला उद्या आपले घमेले द्यायचे, एवढ्या समजुतीवर हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला. त्यामागे लोकांचा चांगुलपणा होता, तसेच वस्तूंचे स्वरूपही होते. कोयतीची धार गेली की ती डोळ्यांना दिसते आणि घटकाभरात लावून देता येते. शिवाय कोयती कशी चालवावी हे घेणाऱ्याला देणाऱ्याइतकेच ठाऊक असते. अलीकडे मात्र या उसनवारीत एक निराळीच वस्तू शिरली आहे. ती म्हणजे पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत. कोकणातील बागायतदार तिला 'वुडकटर' म्हणतात. तिच्याबाबत जुन्या रीतीची सारी गृहीते लटकी पडतात आणि वर्षानुवर्षांचा शेजार एका दुपारच्या कामाने दुरावण्याचा प्रसंग येतो.

या यंत्राची निकड कोकणाला सर्वाधिक जाणवली ती ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनारा ओलांडला आणि नारळी-पोफळीच्या वाड्या, आंबा-फणसाची जुनी झाडे भुईसपाट केली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले आणि पुन्हा तोच अनुभव आला. सार्वजनिक रस्त्यांवरची झाडे हटविण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आणि शासकीय यंत्रणा होत्या. वाडीत आडव्या पडलेल्या झाडांची विल्हेवाट मात्र ज्याची त्यानेच लावायची होती. वीज नाही, मजूर मिळत नाहीत, पावसाळा दारात, छपरावर माड पडलेला. अशा वेळी ज्याच्या घरी पेट्रोलची करवत आहे त्याच्या दाराशी शेजारी येणार, हे उघड होते. त्याला नकार देणे माणुसकीला धरून झाले नसते. प्रश्न द्यावी की नाही हा नाहीच. कशी द्यावी, हा खरा प्रश्न आहे.

न दिसणारे नुकसान

या यंत्राचे दुखणे असे की त्याचे नुकसान लगेच दिसत नाही आणि दिसते तेव्हा कोणाच्या हातून झाले हे सांगता येत नाही. त्याचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते. त्याला नुसते पेट्रोल चालत नाही; ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागते. यंत्र आणि तेल यांच्या प्रकारानुसार हे प्रमाण सामान्यतः लिटरला २० ते ४० मिलिलिटर इतके असते. घेणाऱ्याने घाईत दुचाकीच्या टाकीतले कोरे पेट्रोल ओतले, तर करवत प्रथम झोकात चालते. मग पिस्टन आणि सिलिंडर वंगणाविना घासू लागतात, ओरखडतात आणि अखेर जाम होतात. साखळीसाठी तेलाची दुसरी टाकी असते. ती रिकामी राहिली तर साखळी आणि ती ज्या पट्टीवरून फिरते ती पट्टी, दोन्ही तापून झिजतात.

साखळीची गोष्टही अशीच. आडव्या पडलेल्या झाडाचे खोड कापताना ती निमिषभर मातीला टेकली तरी तिचे दात बोथट होतात. कुंपणाच्या झाडात वर्षानुवर्षे रुतून बसलेली काटेरी तार किंवा फलक टांगण्यासाठी ठोकलेला खिळा लागला, तर एका क्षणात साखळी निकामी होते. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट साखळी नुसता भुसा पाडते. हा फरक मालक ओळखतो. नवख्याला तो कळत नाही आणि तो अधिक जोर लावत राहतो. संध्याकाळी यंत्र पुसून परत येते, आभार मानले जातात. आठवड्याने मालक ते सुरू करू पाहतो तेव्हा ते सुरू होत नाही. शेजारी म्हणतो, ''माझ्याकडे तर उत्तम चालले.'' तो खोटे बोलत नसतो. मालकाचा संशयही अगदीच निराधार नसतो. दुरुस्तीचा खर्च मागावा तर संबंध बिघडतात, न मागावा तर मनात अढी राहते. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण अशा वेळी देणाऱ्याच्याच अनुभवाला येते.

त्यातही उसन्याचे उसने हा प्रकार विशेष घातक. शेजाऱ्याकडून त्याच्या मेहुण्याकडे, तिथून पलीकडच्या वाडीत, असा यंत्राचा प्रवास सुरू झाला की दोष कोणाचा हे ठरविणेच अशक्य होते आणि सगळ्यांचाच एकमेकांवरचा विश्वास उडतो.

जिवाशी गाठ

पैशाचे नुकसान कालांतराने भरून निघते. हे यंत्र अडाणी हाती पडले तर गाठ जिवाशी असते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चालवणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने उसळते. वादळात पडलेली झाडे तर उभ्या झाडांहून अधिक दगलबाज. दोन ठिकाणी टेकलेले, मध्ये वाकलेले खोड धनुष्यासारखे ताणलेले असते. चुकीच्या बाजूने काप दिला की ते फटकारा मारते किंवा पट्टी आवळून धरते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसू शकतो आणि उरलेला बुंधा एकाएकी उभा राहतो. हे धोके यंत्राच्या अंगावर लिहिलेले नसतात. ते अनुभवाने कळतात आणि अनुभव उसना देता येत नाही. यंत्र देणाऱ्याच्या घरी पायाचे जाड बूट, डोळ्यांचा चष्मा, हातमोजे असले तरी मागणारा बहुधा तेवढी करवतच घेऊन जातो. त्याच्या हाताला इजा झाली, तर मदत करणाऱ्या मालकाच्या मनाला आयुष्यभराचा घोर लागतो.

कायद्याची शहाणीव

शेजारधर्मात कायद्याची भाषा आणणे अनेकांना रुचणार नाही. तथापि १८७२ च्या भारतीय करार कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे, आणि तो करताना दोन्ही पक्षांना सारखाच न्याय दिला आहे. वस्तू फुकट वापरायला देणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे: वापरात अडथळा आणणारे किंवा असाधारण धोका निर्माण करणारे जे दोष त्याला ठाऊक असतील, ते त्याने सांगितलेच पाहिजेत (कलम १५०). साखळीचा ब्रेक बिघडला आहे हे माहीत असून जो गप्प राहील, त्याला परिणामांची जबाबदारी झटकता येणार नाही. घेणाऱ्याने सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची जपणूक करील तेवढी केली पाहिजे (कलम १५१). ठरल्याहून निराळा वापर केला तर त्यातून होणाऱ्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर येते (कलम १५४). आणि काम संपताच, मागणीची वाट न पाहता, वस्तू परत केली पाहिजे (कलम १६०). जाणत्या माणसाने सांगितलेल्या शेजारधर्माहून यात निराळे काय आहे?

आणखी एका बाजूकडे सहसा लक्ष जात नाही. साग, खैर यांसारख्या झाडांच्या तोडीवर महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे जप्त करता येतात. पडलेला माड कापायला म्हणून नेलेली करवत रानात खैरावर चालली, तर जप्ती मालकाच्या यंत्रावर येते आणि ते सोडवून आणण्याची यातायातही त्याच्याच माथी पडते.

इर्जिकीचा धडा

मग उपाय काय? करवत कुलपात ठेवून ''नादुरुस्त आहे'' असे खोटे सांगणे हा काहींनी पत्करलेला मार्ग. त्यात यंत्र वाचते, पण शेजार जातो. खरा उपाय जुन्या रीतीतच दडलेला आहे. इर्जिकीत गावकरी एखाद्याच्या शेतावर जमत, तेव्हा कोणी नुसता नांगर पाठवून देत नसे. नांगरधारी आपले बैल घेऊन स्वतः येई, आणि ज्याचे शेत तो सर्वांना जेवू घाली. सावडीतही बैलामागे श्रमांचा हिशेब असे. म्हणजे औजार फिरे ते ते चालविणाऱ्यासह. यांत्रिक करवतीलाही हाच नियम लावला पाहिजे. मालकाने यंत्र देऊ नये, यंत्रासह स्वतः जावे. शेजाऱ्याने पेट्रोल-तेलाचा खर्च करावा, फांद्या ओढाव्यात आणि मालकाच्या वाडीत एक दिवस राबावे. यात भीड नाही आणि उपकाराचे ओझेही नाही.

जिथे मालकाला जाणे शक्य नाही, तिथे गावाने मिळून व्यवस्था करावी. कित्येक गावांत देवस्थानाची मोठी भांडी लग्नकार्याला नोंदवहीत सही घेऊन दिली जातात. एखादे पातेले हरवले तर ते भरून द्यावे लागते, आणि यात कोणाला अपमान वाटत नाही. शेतीच्या यंत्रांसाठी अवजार बँकांची कल्पनाही शासनाच्या योजनांतून पुढे आली आहे. किनारपट्टीवरील गावांनी दोन करवती, दोन शिकविलेले तरुण, सुरक्षेची साधने आणि एक नोंदवही एवढी तयारी पावसाळ्यापूर्वी ठेवली, तरी पुढच्या वादळात कोणाला कोणाच्या दारी संकोचाने उभे राहावे लागणार नाही.

वादळे पुन्हा येतील, झाडेही पडतील. त्यानंतरच्या दिवसांत माणसाला सर्वांत मोठा आधार असतो तो शेजाऱ्याचा. चार स्पष्ट शब्द आधी बोलून तो टिकत असेल, तर त्या शब्दांचा संकोच कोणी बाळगू नये.