पालकाच्या सहीपासून सुरू होणारी मुदत

१९७० साली अमेरिकेतल्या शाळा अपंग मुलांपैकी जेमतेम पाचातल्या एकाला शिकवत होत्या. बहिऱ्या, अंध किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवण्याची मुभा अनेक राज्यांच्या कायद्यांनी शाळांना दिली होती. आज तिथे ३ ते २१ वयोगटातली सत्तर लाखांहून अधिक मुले सरकारी खर्चाने विशेष शिक्षण घेतात.

हा पालट घडवला कोर्टात गेलेल्या आईवडिलांनी. पेनसिल्व्हेनियात अशा पालकांच्या संघटनेने थेट राज्यावर खटला भरला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मिल्स खटल्यात शिक्षण मंडळाने पैसे नसल्याचे कारण पुढे केले. १९७२ साली न्यायाधीशांनी बजावले की पैसा कमी असेल तर त्याची झळ सगळ्यांना बसू द्या, एकट्या याच मुलांना नको. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेला कायदा आज ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलण्याचे केंद्राचे आश्वासन मात्र आजवर कधीही पुरे झालेले नाही. शाळा हात आखडता घेतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

या कायद्यातली खरी नवलाची गोष्ट म्हणजे पालक इथे अर्जदार नसतो, निर्णय घेणाऱ्या समितीचा सभासद असतो. ही समिती प्रत्येक मुलासाठी ‘आयईपी’ हा लेखी आराखडा तयार करते. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठवर जायचे आणि त्यासाठी स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, हे त्यात असते. ‘गरजेनुसार मदत’ असे मोघम वाक्य दिसले तर आकडा मागावा.

सुरुवात शाळेकडे मुलाची तपासणी मागणाऱ्या पत्राने करावी, तारीख घालून आणि प्रत जवळ ठेवून. शाळा सुटताना बाईंशी झालेले बोलणे पुढे कोणाला आठवत नाही. पत्रानंतर शाळेने तपासणीची तयारी दाखवावी, नाहीतर नकाराची कारणे लेखी द्यावीत. तपासणीची ६० दिवसांची मुदत (काही राज्यांत ती वेगळी असते) पत्रापासून नव्हे, संमतिपत्रावर सही होऊन ते शाळेला मिळाल्यापासून मोजतात. तो कागद घरी पडून राहिला तर मुदत सुरूच होत नाही. मूल पात्र ठरल्यावर ३० दिवसांत आराखड्याची बैठक व्हायला हवी.

‘बाई म्हणतील ते’ हा आपल्याकडचा शिरस्ता या बैठकीत महागात पडतो. हजेरीची सही आणि संमतीची सही वेगळी, हे विचारून घ्यावे. पहिल्यांदा सेवा सुरू करायला पालकाची लेखी संमती लागतेच. पुढच्या वर्षी लागेल की नाही, हे राज्यागणिक बदलते. म्हणून गप्प बसणे म्हणजे नकार, असे धरून चालू नये. शाळेची तपासणी पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने ती करून मागता येते. शाळेला मग एक तर पैसे द्यावे लागतात, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत पटवावे लागते. सुनावणीचा वाद चालू असेपर्यंत मुलाच्या चालू सेवा सहसा काढता येत नाहीत.

न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना आणखी एक आधार आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पुराव्याचा भार तक्रार करणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकावर. न्यू जर्सीने २००८ साली स्वतःचा कायदा करून तो शाळेवर टाकला. बाकीचे हक्क मात्र सगळ्या राज्यांत सारखे. व्हिसा कोणता, याने मुलाच्या हक्काला बाध येत नाही. बैठकीत गरज असेल तर मराठी दुभाषी मागता येतो, आणि शाळेच्या सूचनाही शक्य असेल तिथे मातृभाषेत मिळायला हव्यात. घरी मराठीच बोलणाऱ्या मुलाची केवळ इंग्रजीतून परीक्षा घेऊन त्याला मंद ठरवता येत नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर नेमका हाच अन्याय झाला होता. त्यावरचा डायना खटला १९७० सालचा.

किती प्रगती पुरेशी, हा वाद २०१७ साली सुटला. कोलोरॅडोतल्या एन्ड्रू या स्वमग्न मुलाच्या खटल्यात नाममात्र प्रगतीवर शाळेची सुटका नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधेल असा आराखडा हवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला.

हे सगळे एकट्याने वाचून काढायची गरज नाही. प्रत्येक राज्यात केंद्राच्या अनुदानावर चालणारे किमान एक पालक-माहिती केंद्र असते आणि तिथला सल्ला फुकट मिळतो. मूल सतरा वर्षांचे होण्याआधी तिथे एक फेरी जरूर मारावी, कारण बहुतेक राज्यांत अठराव्या वर्षी हे सारे हक्क, सहीसकट, मुलाच्या नावावर जातात.