हिरवळीवरील पिवळा डाग

आमच्या इंदूरच्या घरासमोर वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी हिरवळ आहे. विलायती गवत तीत नाही. आहे ती आपली साधी हरळी, जिला पूजेच्या वेळी आपण दूर्वा म्हणतो. बाकीची हिरवळ पायदळी जाते, म्हणून आमच्या मातोश्री गणेशचतुर्थीच्या दूर्वा नेहमी कुंपणाच्या भिंतीलगतच्या भागातूनच खुडत. 2023 च्या उन्हाळ्यात नेमका तोच भाग पिवळा पडू लागला, आणि भाद्रपद उजाडला तेव्हा मातोश्रींना दूर्वा बाजारातून आणवाव्या लागल्या.

आजारी माणसाभोवती जसे फुकटचे वैद्य जमतात, तसे त्या डागाभोवतीही जमले. कोणी म्हणाले पाणी कमी, कोणी म्हणाले खत नाही. आम्ही दोघांचेही ऐकले! रोज सकाळी नळी सोडली, तेव्हा हरळी सुधारण्याऐवजी ओल आवडणारा लव्हाळा मात्र माजला. मग मूठभर युरिया फेकला, तर चार दिवसांत उरलेसुरले गवतही करपले. त्याचे कारण विज्ञानाच्या तासाला आपण शिकलेलेच आहोत. मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार फार झाले, की पाणी मुळांत शिरण्याऐवजी मुळांतूनच बाहेर ओढले जाते. वडील बंधूंनी सारी हिरवळ उपटून फरशी बसविण्याचा बेत जाहीर केला. मातोश्री काही बोलल्या नाहीत. एका पावसाळ्याची मुदत मात्र मी मागून घेतली.

आता उपचार बाजूस ठेवून प्रथम नुसते पाहावयाचे ठरविले. विद्यार्थिमित्रांनो, अशा डागाचा आकार पुष्कळ काही सांगतो. बुरशीचा रोग असेल तर डाग बहुधा वाटोळा असतो. कुत्र्याच्या मूत्राने गवत जळले असेल तर मध्ये करपलेली जागा आणि भोवती गर्द हिरवे कडे दिसते, कारण मध्यभागी जे खत विषासारखे होते तेच कडेला बेताचे पडून पोषक ठरते. हुमणी नावाची पांढरी अळी मुळे कुरतडते. ती असल्यास गवत ओढताच सतरंजीसारखे उचलून येते, आणि खालच्या मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या सापडतात. आमचे गवत ओढून पाहिले. ते तुटले, पण उचलून आले नाही. वाळवीची मातीची घरेही कोठे दिसली नाहीत. आमचा डाग वाटोळा तर नव्हताच. त्याची एक कड भिंतीला समांतर, दोरीने आखावी तशी सरळ होती. निसर्ग अशा सरळ रेषा क्वचितच ओढतो. येथे माणसाचा हात असावा असा मला संशय आला.

मग एक लोखंडी सळई घेतली. आदल्या दिवशी सगळीकडे सारखे पाणी देऊन ठेवले होते. चांगल्या भागात सळई सहज सहा इंच आत गेली; डागावर ती दोन इंचांवर खटकन अडली. कुदळीने उकरले, तो विटांचे तुकडे, खडी आणि सिमेंट-चुन्याचे गठ्ठे! 2022 साली भिंत बांधताना उरलेला राडारोडा गवंड्यांनी तेथेच पसरून वर मातीचा पातळ थर दिला होता. पावसाळ्यात शेजारच्या हरळीचे धुमारे त्यावर पसरले, म्हणून पहिले काही महिने कोणास काही कळले नाही. उन्हाळा येताच त्या दोन इंच मातीतील ओल संपली आणि मुळांना खाली जाण्यास वाट उरली नाही.

मातीवर लिंबू पिळून तिच्यातील चुना पाहण्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. माळव्याच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते, त्यामुळे चांगल्या भागातील मातीही थोडी फसफसते. यास्तव दोन्हीकडची माती शेजारी शेजारी ठेवूनच पाहावे. आमच्याकडे डागाखालची माती फेसाने भरून गेली. चुना अति झाला की मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही आणि कोवळी पातीच आधी पिवळी पडतात. नत्र कमी असते तर जुनी पाती आधी पिवळी पडली असती. युरिया टाकण्यापूर्वी एवढे निरखले असते तर!

पुढचे काम श्रमाचे, पण सोपे होते. 2024 च्या जूनमध्ये नऊ-दहा इंच खोल खणून सारा राडारोडा काढला. लव्हाळ्याच्या गाठीही वेचून काढल्या, कारण एक राहिली तरी तो पुन्हा उगवतो. मग चांगली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरला, भरपूर पाणी देऊन माती बसू दिली व पुन्हा भर घातली. पहिला चांगला पाऊस होताच दोन-तीन पेरांचे हरळीचे तुकडे वीतभर अंतरावर लावले. पेरापेराशी मुळे फुटतात, म्हणून बी लागत नाही. त्या जागी दीड महिना कोणास पाय ठेवू दिला नाही, आणि पहिली कापणी केली तेव्हा उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापले नाही.

त्या चतुर्थीला मातोश्रींनी नव्या जागेतील दूर्वा खुडल्या नाहीत. "मुळे धरू देत अजून," म्हणाल्या. 2025 साली मात्र जुडी तेथलीच होती. भिंतीच्या टोकाला कडुलिंबाखाली हातभर जागा अजूनही विरळच आहे. हरळीला उघडे ऊन लागते आणि झाड तोडणे कोणाच्या मनात नाही. तेथे आम्ही कुंड्या मांडल्या आहेत.