आयोडीनयुक्त मिठाची साठवण

मीठ नासत नाही ही आपल्याकडील जुनी समजूत खोटी नव्हे. मिठास कीड लागत नाही, बुरशी येत नाही, कित्येक वर्षे ठेवले तरी खारटपणा उणावत नाही. परंतु शालेय पोषण आहारासाठी येणारे मीठ हे नुसते मीठ नसते. त्यात पोटॅशियम आयोडेटच्या रूपाने आयोडीन मिसळलेले असते आणि ते मात्र निष्काळजी साठवणीत घटत जाते. ही तूट रंगावरून वा चवीवरून कळत नाही, हीच खरी अडचण होय.

आयोडीनच्या अभावी केवळ गलगंडच होतो असे नाही. बालकाची शारीरिक वाढ व बौद्धिक विकासही खुंटतो. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले, तेव्हा गलगंडाचे प्रमाण पुष्कळ घटले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सहा ते बारा वर्षांच्या बालकास दररोज १२० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. विक्रीच्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावे, असा नियम आहे. हिशेब इतका तंग असता कोठीतील गळती परवडणार कशी?

या गळतीचे मुख्य कारण दमट हवा. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढू लागते. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असेल तर त्याआधीच. कोकणातील पावसाळ्यात उघड्या पोत्यास पाझर फुटतो तो यामुळेच. आयोडेट त्या पाण्यात विरघळून तळाशी उतरते. वरचे मीठ निःसत्त्व होते, आणि जमिनीत मुरले ते गेलेच. खडेमीठ धुऊन वापरण्याची काही घरांतील चालही याच कारणाने अनिष्ट होय.

यास्तव पिशवी फोडताच मीठ घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात अथवा चिनी मातीच्या बरणीत भरावे. पत्र्याचा डबा गंजतो. बरणी चुलीपासून व उन्हापासून दूर, फळीवर ठेवावी; चमचा कोरडा असावा. (स्वयंपाकी भगिनींचा हात बहुधा ओला असतो, म्हणून चमचा बरणीशेजारीच टांगून ठेवलेला बरा.) वेष्टनावरील तारीख पाहून जुने मीठ आधी संपवावे. आमटी-भाजीत मीठ शेवटी घालावे, कारण फार वेळ उकळल्याने आयोडीनचा काही अंश उडून जातो.

मीठ तपासणीचा संच उपलब्ध झाल्यास बरणीतील मिठावर त्यातील द्रावणाचा थेंब टाकून पाहावा. निळसर-जांभळा रंग आल्यास आयोडीन आहे एवढेच समजते. ते नेमके किती, हे प्रयोगशाळेतच ठरते.